मोहाचमध्ये याहून जास्त गेलं होतं

हंगेरियन भाषेत एक म्हण आहे. एखाद्याचं काही हरवलं, बुडालं, फिसकटलं की त्याची समजूत घालताना म्हणतात, "मोहाचमध्ये याहून जास्त गेलं होतं." मोहाच हे गावाचं नाव. १५२६ साली तिथे ऑटोमन तुर्कांनी हंगेरीच्या सैन्याचा धुव्वा उडवला. तरुण राजा पळताना ओढ्यात बुडून मेला, आणि पुढे १५४१ पासून जवळजवळ दीडशे वर्षं बुडा शहर तुर्कांच्या ताब्यात राहिलं. आपण "पार पानिपत झालं" म्हणतो तसंच काहीसं. फरक एवढाच, की आपण पानिपत काढतो ते हळहळायला, आणि ही मंडळी मोहाच काढतात ते 'चल, ऊठ, एवढं काही झालेलं नाही' हे सांगायला.

पण फुटबॉलचा विषय निघाला की हंगेरियन माणूसही ही म्हण विसरतो असं दिसतं. त्यांच्या फुटबॉलचं पानिपत म्हणजे ४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर, वाङ्कडॉर्फ स्टेडियम, धो धो पाऊस, आणि वर्ल्डकपची फायनल. आठ मिनिटांत २-० ने पुढे असलेली हंगेरी पश्चिम जर्मनीकडून ३-२ ने हरली. त्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत, आणि सगळ्यांचा सूर एकच : तिथे हंगेरीचं फुटबॉल संपलं.

माझं मत वेगळं आहे. तिथे काहीही संपलं नाही. संपलं ते नंतर, आणि मैदानाबाहेर. आणि या एका सामन्याच्या शोकात त्या देशाचं पुढचं बरंचसं चांगलं फुटबॉल लोकांनी अक्षरशः पुसून टाकलं. माझा भाचा परवा म्हणाला, "मामा, हंगेरी कधी वर्ल्डकपमध्ये तरी होती का?" त्याला दोष नाही. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, १९८६ साली, ते शेवटचे वर्ल्डकपला दिसले. पण मला वाईट वाटलं हे खरं, म्हणून हा लेखनप्रपंच.

जरा मागे जाऊ. हंगेरी १९५४ च्या आधीही एक फायनल हरली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९३८, पॅरिस. पहिल्या फेरीत त्यांनी डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला, ६-० ने हरवलं. वर्ल्डकप खेळणारा तो आशियातला पहिला संघ. मग स्वित्झर्लंडला २-०, स्वीडनला ५-१, आणि फायनलमध्ये इटलीकडून ४-२ ने हार. कॅप्टन ज्यॉर्ज शारोशी कायद्याचा डॉक्टर होता. तेव्हा मध्य युरोपात फुटबॉल हा सुशिक्षित शहरी लोकांचा खेळ होता आणि व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट इथल्या कॉफीहाऊसांमध्ये त्यावर आपल्याकडे नाटकावर चालायच्या तशा चर्चा चालत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जिमी होगन नावाचा इंग्रज प्रशिक्षक बुडापेस्टमध्ये अडकून पडला आणि एमटीके क्लबच्या पोरांना शिकवत बसला. चेंडू जमिनीवर ठेवा, आपल्या माणसाकडे द्या, मग पळा. हे त्याचं सूत्र इंग्लंडमध्ये कोणी मनावर घेतलं नाही. हंगेरीत घेतलं.

म्हणजे १९५० चा 'अरान्यचापत', सोन्याचा संघ, आकाशातून पडला नव्हता. चाळीस वर्षांची मशागत होती. (एक गंमत सांगतो. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेतल्या हजेरीपटासारखं. पुश्काश फेरेन्त्स, कोचिश शांदोर, बोझिक योझेफ. मी आपला नेहमीच्या पद्धतीने लिहितो.)

फेरेन्त्स पुश्काश आणि योझेफ बोझिक किशपेश्त या उपनगरात शेजारी शेजारी वाढलेले. कम्युनिस्ट राजवट आल्यावर त्यांचा गावठी क्लब लष्कराने ताब्यात घेतला, त्याचं नाव झालं होनवेद, आणि हे सगळे कागदोपत्री लष्करी अधिकारी झाले. पुश्काश मेजर! प्रशिक्षक गुस्ताव शेबेश उपमंत्रीही होते. सगळे चांगले खेळाडू एका-दोन क्लबांत कोंबायचे, म्हणजे राष्ट्रीय संघाचा सराव आपोआप होतो, हा त्यांचा हिशेब. हुकूमशाहीतच जमणारी गोष्ट.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतलं. फायनलमध्ये युगोस्लाव्हियाला २-०. आता हा युगोस्लाव्हिया म्हणजे तोच, ज्याने त्याच स्पर्धेत भारताला १०-१ ने धुतलं होतं. आपली बहुतेक पोरं तिथे अनवाणी खेळली. २०२४ मध्ये आलेला 'मैदान' सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा संदर्भ लगेच लागेल. तर आपल्याला दहा घालणाऱ्यांना ज्यांनी शून्यावर ठेवलं, ते हे लोक.

मग २५ नोव्हेंबर १९५३. वेम्बली. युरोपच्या मुख्य भूमीवरचा एकही संघ तोवर इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवू शकला नव्हता. हंगेरी ६, इंग्लंड ३. पहिला गोल पहिल्याच मिनिटाला. नऊ नंबरचा शर्ट घातलेला नांदोर हिदेगकुटी पुढे उभा न राहता मागे मागे सरकायचा, आणि त्याला धरायला नेमलेला इंग्लिश बचावपटू गोंधळून जायचा : याच्या मागे जाऊ तर जागा मोकळी राहते, न जाऊ तर हा मोकळा राहतो! हिदेगकुटीने तीन गोल केले. इंग्रजांना वाटलं अपघात असेल. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये परतीचा सामना झाला. ७-१. मग अपघात म्हणायचं त्यांनी बंद केलं.

आता त्या फायनलकडे येतो. १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये हंगेरीने कोरियाला ९-० आणि पश्चिम जर्मनीला चक्क ८-३ ने हरवलं. (जर्मनांनी त्या दिवशी मुद्दाम बरेच राखीव खेळाडू उतरवले होते, कारण स्पर्धेच्या विचित्र नियमांमुळे हरूनही पुढे जायची सोय होती. लबाडी नाही, हिशेब.) त्याच सामन्यात पुश्काशच्या घोट्याला मार बसला आणि तो पुढचे दोन सामने मुकला. ते दोन सामने सोपे नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलशी ४-२, ज्यात तिघांना बाहेर काढलं आणि नंतर ड्रेसिंग रूममध्येही हाणामारी झाली. बाहेर काढलेल्या तिघांत बोझिक होता, आणि हा बोझिक त्या वेळी हंगेरीच्या संसदेचा सभासद होता. खासदाराला रेड कार्ड म्हणावंसं वाटतं, पण कार्डं तेव्हा नव्हती. मग उपांत्य फेरीत उरुग्वे, जो तोवर वर्ल्डकपचा एकही सामना हरलेला नव्हता. तिथे जादा वेळ खेळून ४-२, शांदोर कोचिशचे दोन हेडर. जाणकारांत पुष्कळ जण या सामन्याला वर्ल्डकपमधला एक सर्वोत्तम सामना मानतात.

म्हणजे फायनलला उतरताना हे थकलेले होते, पुश्काश अर्धवट बरा होता, आणि मैदानात चिखल होता. जर्मनांच्या बुटांना आदी डासलरने, म्हणजे आदिदासवाल्याने, बदलता येणारे खिळे लावले होते. हंगेरीने दोन गोल केले, जर्मनांनी दहा मिनिटांत फेडले, मग हंगेरीचे फटके खांबाला लागले, आडव्या दांडीला लागले, जर्मन गोलकीपर तुरेकने अडवले. ८४व्या मिनिटाला हेल्मुट रानने तिसरा मारला. अगदी शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात घातला, तर वेल्सच्या लाइन्समनचं निशाण वर. ऑफसाइड. त्यावर आजही भांडणं होतात.

मला विचाराल तर यात ना चमत्कार आहे ना कट. चांगला संघ एका चांगल्या दिवशी दुसऱ्या चांगल्या पण थकलेल्या संघाला एका गोलने हरवतो, यात नवल काय? वर्ल्डकप ही परीक्षाच तशी आहे. चार वर्षांचा अभ्यास आणि पेपर नव्वद मिनिटांचा. हंगेरीने त्या स्पर्धेत पाच सामन्यांत २७ गोल केले. एका वर्ल्डकपमध्ये इतके गोल आजपर्यंत कोणीही केलेले नाहीत. कोचिशचे एकट्याचे ११.

आणि मुख्य मुद्दा इथेच. मे १९५० मध्ये ऑस्ट्रियाकडून हरल्यानंतर हा संघ बर्नपर्यंत हरला नाही. बर्ननंतर पुन्हा हरला तो थेट फेब्रुवारी १९५६ मध्ये, इस्तंबूलला तुर्कस्तानकडून. जवळजवळ सहा वर्षांत एक हार! ज्या संघाचं कंबरडं बर्नमध्ये मोडलं म्हणतात, तो पुढचं दीड वर्ष कोणालाच सापडत नव्हता. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी मॉस्कोत जाऊन सोव्हिएत संघाला १-० ने हरवलं.

पण बर्नच्या त्या रात्री बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोक उतरले होते, दगडफेक झाली होती. फुटबॉलचं निमित्त, राग दुसराच. गोलकीपर ग्युला ग्रोशिचवर हेरगिरीचा संशय घेऊन त्याला नजरकैदेत ठेवलं, आणि पुढे ताताबान्या या खाणगावाच्या क्लबात धाडलं. जो संघ सरकारने स्वतःची जाहिरात म्हणून मिरवला, तो एकदा हरल्यावर सरकारलाच त्याची भीती वाटू लागली.

२३ ऑक्टोबर १९५६ ला उठाव झाला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे शहरात शिरले. होनवेदचा संघ त्या सुमारास युरोपियन कपसाठी देशाबाहेर होता. अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्धचा घरचा सामना त्यांना घरी खेळताच आला नाही, तो डिसेंबरात ब्रुसेल्सला झाला. मग परत जायचं की नाही? बोझिक परतला. पुश्काश, कोचिश आणि झोल्तान त्सिबोर परतले नाहीत. फिफाने बंदी घातली. त्या काळात परदेशात असलेल्या तरुण संघातलेही बहुतेक तिकडेच राहिले, आणि माझ्या मते खरा खड्डा तो आहे. म्हाताऱ्या होणाऱ्या ताऱ्यांच्या जागी यायची पिढीच गेली.

पुश्काश ३१ व्या वर्षी, पोट सुटलेल्या अवस्थेत, रिअल माद्रिदमध्ये दाखल झाला आणि १९६० च्या युरोपियन कप फायनलमध्ये त्याने चार गोल घातले. कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाकडे गेले. आणि आता हे वाचा. १९६१ ची युरोपियन कप फायनल, बार्सिलोना विरुद्ध बेन्फिका. स्थळ? बर्न, वाङ्कडॉर्फ. कोचिशने गोल केला, त्सिबोरने गोल केला, आणि बार्सिलोना हरलं. ३-२ ने. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच करतो हा.

इकडे घरी काय चाललं होतं? १९५८ च्या वर्ल्डकपमध्ये हंगेरी आणि वेल्स यांच्यात पुढच्या फेरीसाठी जादा सामना झाला, स्टॉकहोमजवळ, १७ जूनला. आदल्याच दिवशी, १६ जूनला, उठावाच्या काळात पंतप्रधान असलेल्या इम्रे नॉज यांना बुडापेस्टमध्ये फाशी दिलं गेलं होतं. सामन्याला प्रेक्षक होते २,८२३. वेल्स २-१ ने जिंकलं. मला हंगेरीच्या फुटबॉलमधला सर्वांत उदास सामना कोणता विचारलं तर मी बर्न सांगणार नाही, हा सांगेन. याच्यावर सिनेमा कोणी काढत नाही.

आणि तरीही, पाहा, ते उठले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. तिथे त्यांच्या गटात आपण होतो! रहीमसाहेबांचा भारत हंगेरीशी २-१ असा हरला, आपला गोल बलरामचा. १९५२ ला दहा खाल्लेल्या देशाने आठ वर्षांत हंगेरीशी एका गोलच्या फरकाचा सामना खेळावा, हे मला दोघांच्याही बाजूने मोठं वाटतं. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये त्यांनी इंग्लंडला हरवलं, बल्गेरियाला ६-१ ने लोळवलं. १९६४ च्या युरो स्पर्धेत तिसरे. १९६४ आणि १९६८ ला ऑलिंपिक सुवर्ण, १९७२ ला रौप्य. (पूर्व युरोपचे 'हौशी' खेळाडू प्रत्यक्षात पूर्णवेळचे असायचे, त्यामुळे या पदकांना थोडा बट्टा आहे, मान्य. पण थोडाच.)

आणि १९६६. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हंगेरी ३, ब्राझील १. दोन वेळचा सलग जगज्जेता ब्राझील. वर्ल्डकपमध्ये ब्राझील त्याआधी शेवटचं हरलं होतं ते १९५४ ला, आणि तेही हंगेरीकडूनच. फ्लोरियान आल्बर्ट त्या दिवशी जे खेळला त्यासाठी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला. पुढच्या वर्षी त्याला युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बालों द'ऑर मिळालं. हा माणूस कोणाच्या लक्षात आहे? पुश्काशचं नाव फिफाच्या बक्षिसाला आहे म्हणून पोरांना माहीत. आल्बर्ट बिचारा चुकीच्या दशकात जन्मला.

उतरण लागली ती १९७० नंतर. दोन वर्ल्डकप चुकले. १९७८ ला तिन्ही सामने हरले. १९८२ ला एल साल्वाडोरला १०-१ (वर्ल्डकपमध्ये एका सामन्यात दहा गोल करणारा एकमेव संघ, बदली आलेल्या लास्लो किशचे सात मिनिटांत तीन) आणि तरी पहिल्याच फेरीत बाहेर. त्याच दशकात घरच्या लीगमध्ये सट्ट्यासाठी सामने ठरवल्याचं मोठं प्रकरण बाहेर आलं. १९८६ च्या मार्चमध्ये ब्राझीलला घरी ३-० ने हरवून मोठ्या आशेने मेक्सिकोला गेले, तर पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघाने ६-० ने उडवलं. चार मिनिटांत दोन गोल. त्यानंतर वर्ल्डकप नाहीच. १९९७ च्या प्लेऑफमध्ये युगोस्लाव्हियाने दोन सामन्यांत मिळून १२-१ केलं. हो, तोच युगोस्लाव्हिया.

यावरचा उपाय म्हणून पुढे पुन्हा सरकारच मैदानात उतरलं. २०१० मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेले व्हिक्टर ऑर्बान फुटबॉलवेडे. करसवलती देऊन कंपन्यांचा पैसा क्लबांकडे वळवला, स्टेडियमं बांधली. फेलचुत या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात, जिथे त्यांचं बालपण गेलं, त्यांच्या घराला लागून २०१४ मध्ये जवळजवळ चार हजार आसनांचं देखणं लाकडी स्टेडियम उभं राहिलं. नाव 'पांचो', पुश्काशचं स्पेनमधलं लाडाचं नाव. पुश्काशचा त्या गावाशी काडीचा संबंध नव्हता. ज्या माणसाला परत येता येत नव्हतं, जो पंचवीस वर्षांनी १९८१ ला पहिल्यांदा मायदेशी पाय ठेवू शकला, त्याच्या नावाची पाटी सगळ्यांनाच हवी असते. आपल्याकडेही असं होतं, नावं घेत नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर संघ सुधारला. पैशाने की इटालियन प्रशिक्षक मार्को रॉसी २०१८ मध्ये आल्यामुळे, हे वेगळं काढणं कठीण आहे. मी रॉसीच्या बाजूने मत देईन, कारण पैसा आधीची आठ वर्षंही होता. त्याआधी २०१६ च्या युरोला, ३० वर्षांनी एखाद्या मोठ्या स्पर्धेत उतरून, गटात पहिले आले. चाळिशीचा गोलकीपर किराय राखाडी रंगाची ढगळ ट्रॅकपँट घालून खेळायचा, आपल्याकडचे आजोबा सकाळी फिरायला जातात तशी. पोर्तुगालशी ३-३ झाला त्या सामन्यात हंगेरी तीनदा पुढे होती. तो पोर्तुगाल पुढे विजेता झाला. २०२१ मध्ये फ्रान्सशी आणि जर्मनीशी बरोबरी. जून २०२२ मध्ये इंग्लंडला वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोलिन्यू मैदानावर ४-० ने हरवलं. इंग्लंडची घरच्या मैदानावरची १९२८ नंतरची सर्वांत मोठी हार. याच मोलिन्यूवर डिसेंबर १९५४ मध्ये होनवेद २-० ने पुढे असून वुल्व्ह्जकडून हरलं होतं. स्कोअर? ३-२. मला आता या आकड्याची भीती वाटायला लागली आहे.

आणि मग १६ नोव्हेंबर २०२५. २०२६ च्या वर्ल्डकपच्या पात्रतेचा शेवटचा सामना, नव्या पुश्काश अरेनात, आयर्लंडविरुद्ध. प्लेऑफला जायला बरोबरी पुरत होती. ८०व्या मिनिटापर्यंत हंगेरी २-१ ने पुढे. ट्रॉय पॅरटने बरोबरी केली, आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला त्यानेच तिसरा घातला. ३-२. कॅप्टन डोमिनिक सोबोस्लाई मैदानात रडत होता.

दुसऱ्या दिवशी मी जे काही वाचलं त्यात बर्नचं नाव होतंच. मला ते अन्यायाचं वाटतं. या पोरांच्या आजोबांचाही जन्म तेव्हा नुकताच झाला असेल. ते आयर्लंडशी हरले, १९५४ शी नाही. सोबोस्लाईच्या तोंडावर दर वेळी पुश्काशचा फोटो धरायचा आणि वर विचारायचं, तुला का जमत नाही? कुठल्या पोराला जमेल?

भाच्याला मी ब्राझीलविरुद्धच्या १९६६ च्या सामन्याची चित्रफीत पाठवली आहे. फार्कशचा दुसरा गोल पाहा म्हटलं, उजवीकडून आलेला क्रॉस आणि पळता पळता हवेतच मारलेला फटका. त्याचं उत्तर आलं, "मामा, क्वालिटी फार वाईट आहे, पण परत बघतोय."